ओझरच्या घरातला रशियन राजा : हा नक्की कोण, आणि ब्राँझचाच आहे का?

ओझरचा_पोरगा (मंगळवार, रात्री ९:४०)

मंडळी, दोन वर्षं वाचनमात्र होतो. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

आमचे बाबा ओझरच्या मिग कारखान्यात होते. सत्तरच्या दशकात तिथे रशियन तंत्रज्ञ येऊन राहायचे. त्यांच्यातल्या एकाने मायदेशी परतताना बाबांना एक अर्धपुतळा दिला. घरात त्याचं नाव 'रशियन राजा'. शोकेसमध्ये एका बाजूला गणपती आणि दुसऱ्या बाजूला हा. दहावीच्या परीक्षेला निघताना मी घाईत त्याच्याही पाया पडलो होतो.

उंची साधारण २४ सेंटिमीटर, वजन साडेचार किलोच्या आसपास. रंग तव्यासारखा काळा. चेहरा गोल, दाढी नाही, मिशा बारीक आणि टोकाला वर वळलेल्या. कुरळे केस मानेपर्यंत. अंगात चिलखत, खांद्यावरून शालीसारखं काहीतरी घेतलेलं.

परवा नेटवर रशियन राज्यकर्त्यांच्या ब्राँझ अर्धपुतळ्यांचे लिलाव पाहिले आणि किमती बघून रात्री झोप लागली नाही. बायको म्हणते विका, किचनच्या ट्रॉल्या होतील. बाबा म्हणतात, मी गेल्यावर काय तो गोंधळ घाला.

तर हा कोण? ब्राँझच ना? आईने एकदा दिवाळीला चिंच-मीठ लावून चांगला घासला होता, तरी ढिम्म काळाच राहिला. म्हणजे पॅटिना (जुन्या ब्राँझवर काळाने चढणारा थर) मस्त मुरलेली असणार.

(फोटो चढत नाहीये. उद्या पुन्हा प्रयत्न करतो.)

आडवातिडवा (मंगळवार, रात्री १०:०२)

झार असणं शक्यच नाही. सोव्हिएत माणूस परदेशात झारचा पुतळा वाटत फिरेल का? लेनिन असेल, नीट बघा.

बुधवार_रविवार (मंगळवार, रात्री १०:१५)

लेनिनला चिलखत आणि मानेपर्यंत कुरळे केस? चष्मा बदला राव.

मुद्दा अर्धा बरोबर आहे. क्रांतीनंतर १२ एप्रिल १९१८च्या सोव्हिएत सरकारच्या हुकुमाने झार आणि त्यांच्या नोकरांच्या सन्मानार्थ उभारलेले पुतळे हटवायचे ठरले, आणि बरेच हटलेही. पण सगळ्या झारांना एकच न्याय लागला नाही. पीटर द ग्रेट वाचला. जहाजं बांधणारा, कारखाने काढणारा, स्वतः हातात कुऱ्हाड घेणारा राजा सोव्हिएत इतिहासात बसवणं सोपं होतं. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या (म्हणजे सेंट पीटर्सबर्गच्या) वेढ्यात त्याच्या अश्वारूढ पुतळ्याभोवती वाळू आणि फळ्या रचून तो जपला होता. तेव्हा रशियन इंजिनिअरच्या बॅगेत पीटर असणं अजिबात नवल नाही.

वर्णनावरून माझा अंदाज पीटरच. या मंडळींना ओळखायचं तर डोळ्यांकडे नंतर बघा, आधी दाढी-मिशा बघायच्या. तुळतुळीत गाल आणि मांजरीसारख्या मिशा असल्या की पीटर. त्याने तर दाढीवर कर बसवला होता, आणि भरला की पावती म्हणून चक्क धातूचं नाणं मिळायचं. नकटं नाक आणि छातीवर माल्टाचा क्रूस दिसला की पॉल पहिला. कल्ले आहेत, कपाळ वर सरकलंय आणि एकंदर रोमन सम्राटाचा आव आहे, तर अलेक्झांडर पहिला. कल्ले मिशांना येऊन मिळालेत पण हनुवटी साफ, तर बहुधा अलेक्झांडर दुसरा. भरघोस दाढी, टक्कल आणि दारात मावणार नाहीत असे खांदे म्हणजे अलेक्झांडर तिसरा. पीटरनंतर पुन्हा दाढी राखून गादीवर बसलेला पहिला झार तोच.

शेवटच्या निकोलसच्या बाबतीत मात्र जपून. तो आणि आपल्याकडे दिल्ली दरबार भरवणारा पंचम जॉर्ज हे मावसभाऊ, आणि तोंडावळा इतका सारखा की फोटोतसुद्धा गफलत होते. चोरबाजारात मला एकदा पंचम जॉर्ज 'रशियाचा शेवटचा झार' म्हणून दाखवला होता. दाखवणाऱ्याला बिचाऱ्याला दोघेही सारखेच परके.

काकू_मोड_ऑन (मंगळवार, रात्री १०:३१)

मस्त धागा. चहा ठेवलाय, वाचतेय.

नेवाकाठची (बुधवार, पहाटे १:२०)

मी सहा वर्षं सेंट पीटर्सबर्गला एमबीबीएस करत होते, म्हणून राहवत नाहीये.

पीटरचा जो अर्धपुतळा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतो तो कार्लो बार्तोलोमेओ रास्त्रेलीचा, तिथल्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. हा फ्लोरेन्सचा शिल्पकार १७१६ला रशियात आला. (हिवाळी राजवाडा बांधणारा रास्त्रेली तो याचा मुलगा. बापलेकांत हमखास घोटाळा होतो.) १७१९ला त्याने जिवंत पीटरच्या चेहऱ्यावरून साचा घेतला होता. म्हणजे पुतळ्यातले ते फुगीर गाल आणि आवळलेले ओठ कल्पनेतले नाहीत. ब्राँझ ओतलं १७२३ला, पण छिन्नीकाम १७२९पर्यंत चाललं. तोवर पीटर जाऊन चार वर्षं झाली होती.

समोर उभं राहिलं की पहिल्यांदा नजर चेहऱ्यावर जाते, मग चिलखतावर, आणि तिथेच अडकते. चिलखतावर उठावातली चित्रं आहेत. एकात पोल्ताव्हाची लढाई (पीटरने स्वीडनला हरवलं ती) आणि दुसऱ्यात पीटर स्वतः शिल्पकार झालाय, हातात हत्यार घेऊन एका स्त्रीची मूर्ती घडवतोय. ती मूर्ती म्हणजे रशिया. राजाच्या पुतळ्यावर राजा पुतळा घडवतोय! आमच्या होस्टेलपासून हर्मिटाजला जायला ट्रॉलीबस होती, आणि संग्रहालयात विद्यार्थ्यांना तिकीट पडायचं नाही. अॅनाटॉमीचा कंटाळा आला की मी तिथे जाऊन बसायचे.

तुमच्या पुतळ्याच्या चिलखतावर काही उठाव आहे का, बघाल?

भट्टीजवळ (बुधवार, सकाळी ७:०५)

शिरोलीला आमची छोटी फौंड्री हाय, कोल्हापूर. राजेमहाराजे मला कळत नाहीत, ओतकाम कळतं.

पहिलं काम : चुंबक लावा. ब्राँझला चुंबक चिकटत नाही. जस्ताला नाही, अॅल्युमिनियमला नाही. बिडाला, म्हंजे ओतीव लोखंडाला, चिकटतो.

दुसरं काम : उलटा करा आणि बुडाला आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी सुईनं एक बारीक ओरखडा काढा. पिवळट-तांबूस आलं तर ब्राँझ नाहीतर पितळ. पांढुरकं राखाडी आलं तर जस्ताचा मिश्रधातू. वर ब्राँझचा रंग मारून असला माल भरपूर खपवतात. हातात घेतल्यावर 'अरे, एवढाच जड?' असं वाटलं तर सिल्युमिन, म्हंजे अॅल्युमिनियम-सिलिकॉन. ते ब्राँझच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच भरतं.

तिसरं, मोजमाप. समजा अस्सल पुतळा ३० सेंटिमीटरचा हाय. त्याच्यावरनंच कुणी साचा घेतला आणि नवीन ओतला, तर नवा तेवढाच येत नाही. ब्राँझ थंड होताना दीड-दोन टक्के आकसतं. म्हंजे कॉपी पाच-सहा मिलिमीटर बुटकी. आमच्याकडं पॅटर्न करतानाच तेवढं वाढवून धरतात. चोर माणूस ते धरत नाही, कारण त्याचा पॅटर्न म्हंजे दुसऱ्याचा तयार माल. शिवाय साच्यावरनं साचा काढत गेलं की केसांच्या रेघा, बटणं, पापण्या बुजत जातात. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यागत.

बुधवार_रविवार (बुधवार, सकाळी ९:५०)

भट्टीजवळ यांना दंडवत. संग्राहकाचं अर्धं शास्त्र यांनी चहा व्हायच्या आत सांगून टाकलं.

ओझरभाऊ, तुम्ही लिलावात पाहिले ते बहुधा शोपँचे असणार. संगीतकार शोपँ नव्हे, हा फेलिक्स शोपँ, सेंट पीटर्सबर्गला ब्राँझचा कारखाना चालवणारा फ्रेंच माणूस. एकोणिसाव्या शतकात त्याने रशियन राज्यकर्त्यांची लहान, टेबलावर मावतील अशा अर्धपुतळ्यांची मालिकाच काढली होती, थेट रुरिकपासून. श्रीमंताच्या अभ्यासिकेत पुस्तकांच्या कपाटावर ओळीने मांडायची ही चीज.

आता गंमत बघा. रुरिक आला ८६२ साली. त्याचा चेहरा कुणी पाहिलाय? मालिकेतले सुरुवातीचे सगळे राजे म्हणजे शिल्पकाराने ठरवलेले चेहरे. हे शोपँनेच केलं असंही नाही. फेदोत शुबिन नावाचा अप्रतिम शिल्पकार होता, आर्खांगेल्स्ककडच्या शेतकऱ्याचा मुलगा, हाडावरच्या कोरीवकामात हात तयार झालेला. त्याच्याकडून कॅथरीनने १७७४-७५मध्ये चेस्मे राजवाड्यासाठी संगमरवरी उठावात ५८ राजे-राजपुत्र करून घेतले, रुरिकपासून एलिझाबेथपर्यंत. कॅथरीन स्वतः जर्मन, नवऱ्याला पदच्युत करून गादीवर आलेली. तिला अशी लांबलचक दगडी वंशावळ भिंतीवर का हवी होती, हे वेगळं सांगायला नको. पीटरच्या अश्वारूढ पुतळ्याखालीही तिने 'पीटर पहिला यास, कॅथरीन दुसरी, १७८२' असं कोरून घेतलं. माझं मत विचाराल तर राजाच्या पुतळ्यात निम्मा चेहरा तो बनवून घेणाऱ्याचा असतो.

उलट शुबिनने केलेला पॉलचा ब्राँझ पुतळा बघा. नकटा, फुगलेला, वर राजेपणाचा डौल. इतकं खरं करूनही शिल्पकार सुखरूप राहिला याचंच आश्चर्य. पॉलच्या रुबलवर त्याचा चेहरा नसायचा, म्हणून हे ब्राँझ जास्तच मोलाचं.

म्हणून विकत घेताना चेहऱ्यावर भाळू नका, बूड बघा. ओतणाऱ्याचा शिक्का तिथे नाहीतर मागच्या कडेला असतो. आणि एक खूण पाठ करा : क्रांतीआधीच्या रशियन लेखनात व्यंजनावर संपणाऱ्या शब्दाच्या शेवटी एक मुकं अक्षर लिहायचे. दिसायला इंग्रजी लहान 'बी'सारखं, डोक्याला डावीकडे छोटं शेपूट. १९१८च्या सुधारणेत शब्दाच्या शेवटचं ते अक्षर गेलं. विकणारा १८८० सांगतोय आणि कारखान्याच्या नावापुढे ते शेपूटवालं अक्षर नाही, तर शांतपणे नमस्कार करून निघायचं. (असलं म्हणजे अस्सल, असं मात्र नाही. खोटं करणारेही व्याकरण शिकलेत.)

आडवातिडवा (बुधवार, सकाळी १०:१२)

इव्हान द टेरिबलचा कुणाकडे आहे का? तो खरा चेहरा की तोही कल्पनेतला?

बुधवार_रविवार (बुधवार, सकाळी १०:४०)

चांगला प्रश्न, आणि त्याच्यावरून पुतळ्याचा काळही लागतो. इव्हान दोन प्रकारचे मिळतात. एक मार्क अँतोकोल्स्कीच्या १८७१च्या शिल्पावरून केलेला : खुर्चीत खचून बसलेला, मांडीवर पुस्तक, स्वतःच्याच पापांच्या हिशेबात बुडालेला म्हातारा. दुसरा गेरासिमोव्हचा. १९६३मध्ये क्रेमलिनच्या कॅथीड्रलमधली कबर उघडली आणि मिखाईल गेरासिमोव्हने कवटीवरून चेहरा पुन्हा उभा केला. जाड मान, खाली वळलेले ओठ, तुसडा. तेव्हा गेरासिमोव्हसारखा दिसणारा इव्हान कुणी 'झारकालीन' म्हणून दिला, तर त्याला फक्त सनावळी विचारा.

काकू_मोड_ऑन (बुधवार, सकाळी ११:२५)

एवढी विद्वान मंडळी जमलीत म्हणून गप्प होते, पण आता बोलतेच.

अहो ओझरकर, तुमच्या आईने चिंच-मीठ लावून घासला आणि तरी काळाच राहिला ना? मग ते ब्राँझ कसलं डोंबलाचं! तांब्याचा अंश असलेलं काहीही चिंचेने उजळतं. पितळेचा डबा उजळतो, तांब्याची कळशी उजळते, काशाची वाटी उजळते. निदान नाकाचा शेंडा तरी पिवळा झालाच असता. आमच्या तव्याला मात्र चिंच लागली की दुसऱ्या दिवशी तांबूस पूड येते.

घासल्यावर कापडाला गंजाचा रंग लागला होता का, आईंना विचारा.

भट्टीजवळ (बुधवार, सकाळी ११:३१)

काकू, आमच्याकडं क्वालिटीला येता का?

ओझरचा_पोरगा (बुधवार, रात्री ८:५५)

फ्रिजवरचं हापूसचं मॅग्नेट लावलं. टक्कन चिकटलं. बायकोने काही न बोलता ट्रॉल्यांचं कोटेशन घडी करून ठेवून दिलं.

आईला विचारलं. 'हो, फडकं तांबडं झालं होतं, मला वाटलं रशियन रंग असेल.' मिशीच्या खाचेत अजून थोडा गंज आहे.

चिलखतावर नक्षी आहे, पण माणसं वगैरे नाहीत. बुडाखाली एक हिरवट बनातीचा तुकडा चिकटवलेला होता, तो सोडवला. खाली अक्षरं आहेत. लिहितो : इंग्रजी 'के', 'ए', 'सी', मग तंबूसारखं एक, मग उलटा 'एन'. पुढे १९७४. हे काय?

नेवाकाठची (बुधवार, रात्री ९:०३)

कास्ली!!! तंबू म्हणजे 'ल', उलटा एन म्हणजे 'इ', आणि तुमचा 'सी' म्हणजे त्यांचा 'स'. ओझरभाऊ, नाराज होऊ नका, हे फार छान निघालं.

कास्ली हे उरलमधलं गाव, येकातेरिनबुर्ग आणि चेल्याबिन्स्कच्या मधे. तिथला लोखंडाचा कारखाना १७४७पासूनचा. कलात्मक बिडाच्या ओतकामात रशियात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी अख्खा मंडपच बिडाचा ओतून नेला, जाळीदार, लेससारखा. तो आता येकातेरिनबुर्गच्या कलासंग्रहालयात आहे. आमच्या डीनबाईंच्या टेबलावर कास्लीचा एक घोडा होता, आणि तोंडी परीक्षेत मी त्याच्याकडेच बघत उत्तरं दिली होती.

भट्टीजवळ (बुधवार, रात्री ९:४०)

बिडात मिशीचे केस उमटवणं म्हंजे खायचं काम नाही. आम्ही बिडात पंपाच्या बॉडी ओततो. त्यात एवढी बारीक रेघ आणायची म्हटली तर वाळू मैद्यासारखी लागंल. कास्लीजवळची वाळू तसलीच बारीक, आणि लोखंड लाकडी कोळशावर गाळलेलं, म्हणून रस साच्याच्या कानाकोपऱ्यात जायचा, असं आमच्या ट्रेनिंगमध्ये एका सरांनी सांगितलं होतं. तव्हा नाव ऐकलं होतं, वस्तू कधी बघितली नाही. नाशकाला आलो की दाखवणार का?

तो काळा रंगबी त्यांचाच, काजळीचा. तो घासून काढू नका. ब्राँझ म्हणून मोल नसंल, ओतकाम म्हणून हाय.

ओझरचा_पोरगा (बुधवार, रात्री ९:५२)

या की, जेवायलाच या.

मग नेटवर 'ब्राँझ' म्हणून सर्रास जे नवे विकतात, तेही असेच वेगळ्या धातूचे?

बुधवार_रविवार (बुधवार, रात्री १०:२०)

कित्येक तर धातूचेच नसतात. रेझिनमध्ये ब्राँझची पूड कालवून साच्यात घालतात, वरून पॉलिश. दिसायला हुबेहूब. मी स्वतः एका ऑनलाइन विक्रेत्याकडून असाच अलेक्झांडर दुसरा घेतला होता, फोटो बघून. हातात घेतल्यावर गार लागेना, तेव्हाच पोटात गोळा आला. नखाने वाजवला तर प्लास्टिकच्या डब्यासारखा आवाज. पैसे परत मिळाले नाहीत. आता तो माझ्या बाल्कनीत कुंडीशेजारी आहे, आणि कबुतरं त्याच्याशी जसं वागायचं तसं वागतात.

खरोखर जुना मिळालाच तर कागदपत्रं सांभाळा. रशियातून जुन्या वस्तू बाहेर काढायला तिथल्या संस्कृती मंत्रालयाची परवानगी लागते. आणि आपल्याकडे १९७२च्या कायद्याप्रमाणे १०० वर्षांवरचं शिल्प पुरावस्तू ठरतं. ते परस्पर कुरियरने परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायचा विचारही नको.

आडवातिडवा (गुरुवार, सकाळी ८:३०)

अवांतर : २०१७ला क्रिमियात एका बाई खासदारांनी जाहीर केलं होतं की निकोलस दुसऱ्याच्या ब्राँझ पुतळ्यातून सुगंधी तेल पाझरतंय. चर्चची माणसं तपासायला गेली, त्यांना काही सापडलं नाही. आपल्याकडे गणपती दूध प्यायले होते, त्याची आठवण झाली. हलके घ्या.

त्याच वर्षी मॉस्कोत 'राज्यकर्त्यांची गल्ली' झाली. झुराब त्सेरेतेलीचे ब्राँझ अर्धपुतळे ओळीने, रुरिकपासून. सप्टेंबरात त्यात लेनिन, स्टॅलिनपासून गोर्बाचेव्हपर्यंतचे सात आले आणि स्टॅलिनवरून भांडणं लागली. म्हणजे १९१८ला पाडायचे आणि शंभर वर्षांनी एकाच रांगेत मांडायचे. मारणारा आणि मेलेला शेजारी शेजारी.

नेवाकाठची (गुरुवार, सकाळी ९:१५)

पाडलेल्यांपैकी काही लपूनही राहिले हो. शिल्पकार त्रुबेत्स्कोयने केलेला, पीटर्सबर्गचा अलेक्झांडर तिसऱ्याचा अश्वारूढ पुतळा १९०९ला उभा राहिला तेव्हा लोकांनी त्यावर गाणंच रचलं : खाली कपाट, कपाटावर पाणघोडा, पाणघोड्यावर येडपट. रशियनमध्ये छान यमक जुळतं. १९३७ला तो चौकातून हटवला आणि पुढे अनेक वर्षं रशियन म्युझियमच्या आवारात ठेवून दिला. आता मार्बल पॅलेससमोर आहे. हिवाळ्यात त्याच्या टोपीवर बर्फाची आणखी एक टोपी असते.

बुधवार_रविवार (गुरुवार, सकाळी ९:४४)

आपला काळा घोडा १९६५ला फोर्टातून उचलून राणीच्या बागेत नेला, तसंच.

राज्यकर्त्यांच्या ब्राँझमधलं माझं सगळ्यात आवडतं मात्र कुठल्याही कपाटावर नाही, मॉस्कोच्या नोव्होदेविची स्मशानात आहे. १९६२ला मॉस्कोच्या मानेझ दालनातल्या चित्र-शिल्प प्रदर्शनात सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह शिल्पकार एर्न्स्त नेइझ्वेस्त्नीवर सगळ्यांसमोर खेकसला होता, आणि नेइझ्वेस्त्नीही गप्प बसला नव्हता. पुढे ख्रुश्चेव्ह सत्तेवरून गेला, १९७१ला वारला. थडग्यावरचं शिल्प कुणाकडून करून घ्यायचं? घरच्यांनी नेइझ्वेस्त्नीलाच गाठलं, आणि त्याने केलं. काळ्या ग्रॅनाइटचे आणि पांढऱ्या संगमरवराचे ठोकळे एकमेकांत अडकलेले, आणि मधल्या चौकोनात ब्राँझचं डोकं. चिलखत नाही, पदकं नाहीत, खांदेसुद्धा नाहीत.

काकू_मोड_ऑन (गुरुवार, सकाळी १०:०५)

हे वाचून अंगावर काटा आला. नंतर मोबाईलवर फोटो शोधून बघितला. खरंच फक्त डोकं आहे.

बरं, त्या मिशीतल्या गंजाचं काय करायचं? खोबरेल चालेल?

भट्टीजवळ (गुरुवार, दुपारी १:१०)

खोबरेल नको, थंडीत थिजतंय आणि धूळ धरतंय. शिलाई मशीनचं तेल, कापसाच्या बोळ्यानं, थोडं थोडं. मग कोरड्या फडक्यानं टिपायचं. आणि चिंच बंद.

ओझरचा_पोरगा (गुरुवार, रात्री ९:१८)

मशीनचं तेल लावलं. मिशी एकदम तरतरीत झालीय. चिलखतावर चिमुकलं पदकही आहे, हे चाळीस वर्षांत पहिल्यांदाच दिसलं.

तेल लावत होतो तेव्हा बाबा बातम्या सोडून बघत बसले. मी त्यांना धाग्यातलं सगळं वाचून दाखवलं, कास्ली, चुंबक, काकूंची चिंच. शेवटी म्हटलं, 'तर बाबा, हा पीटर द ग्रेट निघाला.'

म्हणाले, 'पीटरच तो. देतानाच सांगितलं होतं त्याने. त्याचं गावही त्या कारखान्याजवळचंच. मी त्याला हापूसची पेटी दिली होती, तर गडी सालासकट खायला लागला.'

मी म्हटलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?

'मला कुणी विचारलं?'

काकू_मोड_ऑन (गुरुवार, रात्री ९:२५)

बाबांना इथे आयडी काढून द्या आधी.